संशयाच्या रात्रीचा देव

श्रद्धा ही शोषितांच्या पायांतील बेडी आहे, असे आपण म्हणत आलो. आणि ते पुस्तकातून नव्हे, अनुभवातून म्हणत आलो. मी स्वतः ईश्वर मानत नाही. तरीही वर्गात अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याचा इतिहास शिकवताना एका रात्रीपाशी मी दरवेळी थांबतो.

ती रात्र २७ जानेवारी १९५६ ची. स्थळ अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी. बसमधील जागा गोऱ्या उतारूला देण्यास नकार दिला म्हणून १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली होती. ५ डिसेंबरपासून काळ्या समाजाने शहरातील बसवर बहिष्कार घातला. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया मैलोन्‌मैल पायी जाऊ लागल्या. नेतृत्व आले मार्टिन ल्यूथर किंग या तरुण पाळकाकडे.

किंग यांचे वडील आणि आजोबाही पाळक. धर्म त्यांना घरातूनच मिळाला होता. पण संशयही जुनाच होता. येशू सदेह पुन्हा उठला, ही गोष्ट त्यांनी तेराव्या वर्षीच रविवारच्या शाळेत नाकारली होती. तो संशय बुद्धीचा होता. या रात्रीचा संशय जिवावरचा होता.

धमक्यांचे फोन रोजचेच झाले होते. त्या रात्री उशिरा आणखी एक आला. घरात पत्नी कोरेटा आणि दोन महिन्यांची मुलगी. किंग यांची झोप उडाली. स्वयंपाकघरात कॉफी करून ते बसले आणि भित्रे न ठरता या लढ्यातून अंग कसे काढून घ्यावे, याचा विचार करू लागले. शेवटी त्यांनी देवापुढे कबूल केले की, माझे बळ सरले आहे. तेव्हा न्यायासाठी उभा राहा, असे कोणी आतून सांगत असल्याचे त्यांना जाणवले. हे त्यांनी स्वतःच १९५८ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

तो आवाज कोणाचा, हे इतिहास सांगू शकत नाही. पुढे काय घडले, हे मात्र सांगू शकतो. तीनच दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि मूल बचावले. संतापलेला जमाव शस्त्रे घेऊन दारी आला, तेव्हा किंग यांनी त्याला शांतपणे परत पाठवले. देवाने बॉम्ब अडवला नाही. १९६८ मध्ये गोळीही अडवली नाही. ज्या भरवशावर ते उभे राहिले, त्यात सुरक्षिततेची हमी नव्हतीच.

आता दुसरी बाजू. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी काळ्यांच्या निदर्शनांना अवेळी ठरवून सबुरीचा सल्ला दिला. त्यांतले सात ख्रिस्तीच. किंग यांनी तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिले. देव तोच, बायबल तेच. एकाला त्याने रस्त्यावर आणले, इतरांना घरात बसवले. म्हणजे प्रश्न केवळ देव आहे की नाही, एवढाच उरत नाही. श्रद्धा माणसाला सकाळी कोणाच्या बाजूला उभी करते, हा खरा प्रश्न आहे.

त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपूरला ईश्वर नाकारणारा धम्म स्वीकारला. १३ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्टगोमेरीच्या बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि ३८१ दिवसांनी बहिष्कार संपला. वाटा दोन, आणि त्या एक आहेत असे मी म्हणणार नाही. आपल्याला सोसायला शिकवणाऱ्या देवाला बाबासाहेबांनी दिलेला नकार मला आजही अटळ वाटतो.

पण चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला अशी एक रात्र येते. बहिष्काराची धमकी असते, पोरे झोपलेली असतात आणि सोडून द्यावे असे वाटते. त्या रात्री प्रार्थना करणाऱ्या माणसाला हसण्याचा अधिकार मला नाही. मी त्याला एवढेच विचारीन : सकाळी तू कुठे होतास? आणि हाच प्रश्न मला, प्रार्थना न करणाऱ्यालाही, चुकवता येणार नाही.