कुस्तीशैली बदललेले महाराष्ट्रातील मल्ल

महाराष्ट्रातील अनेक मल्लांनी लाल मातीच्या आखाड्यात कारकीर्द सुरू करून पुढे गादीवरील (मॅटवरील) कुस्तीसाठी आपली लढण्याची शैली बदलली. ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धांमधील कुस्त्या गादीवर होत असल्याने आंतरराष्ट्रीय यशासाठी हा बदल अपरिहार्य ठरला.

== दोन पद्धतींतील फरक ==
पारंपरिक मातीवरील कुस्तीचा निकाल चितपटीवर लागतो. प्रतिस्पर्ध्याचा लंगोट वा जांघ्या धरण्यास मुभा असल्याने ताकद, दमसास आणि पकड यांना महत्त्व येते. गादीवर पोशाख पकडता येत नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजले जातात आणि बचावात्मक खेळणाऱ्या मल्लास ताकीद मिळते. त्यामुळे मल्लाला वाकून उभे राहणे, चपळाईने पायावर हल्ला करणे आणि मिळालेली आघाडी राखणे शिकावे लागते.

== खाशाबा जाधव ==
या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४). कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर येथे जन्मलेले खाशाबा मातीत घडले होते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या सुमारास त्यांना गादीची व आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती, तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले. तेथे अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढील चार वर्षांत त्यांनी वरच्या वजनगटाची तयारी केली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडत असताना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. शैली बदलली तरी मातीतला 'ढाक' हा डाव त्यांची ओळख राहिला.

== नंतरचे मल्ल ==
सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्यपदक मिळवले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड करता येत नसल्याने एकाच स्पर्धेतील ही दोन पदके विशेष मानली जातात. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार व काका पवार यांच्याकडे शिक्षण घेतले. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण, तर २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले.

== मुळशी तालुका आणि महाराष्ट्र केसरी ==
१९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आता माती व गादी असे दोन विभाग असून त्यांचे विजेते अंतिम फेरीत गादीवर लढतात. त्यामुळे माती विभागातून आलेल्या मल्लाला स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यावर पद्धत बदलावी लागते. २०२५ साली अहिल्यानगर येथे मुळशी तालुक्यातील मुठा गावचे पृथ्वीराज मोहोळ गादी विभागातून अंतिम फेरीत आले आणि त्यांनी माती विभागाचे विजेते, सोलापूरचे महेंद्र गायकवाड यांना हरवून किताब मिळवला. त्याआधी गादी विभागाच्या निर्णायक लढतीत शिवराज राक्षे यांना चितपट ठरवणारा पंचांचा निर्णय वादग्रस्त झाला होता. गुणांच्या कुस्तीतही चितपटीचे महत्त्व कायम असल्याचे त्यातून दिसले. राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ हेही मुठा गावचेच. विजेत्याला मिळणारी चांदीची गदा त्यांच्या स्मरणार्थ दिली जाते.