हृदयात पोचलेला कर्करोग

हृदयाला कर्करोग होतच नाही, असे विधान कोल्हापूरच्या एका शिक्षक-शिबिरात आम्ही ऐकले. त्यात अर्धेच तथ्य आहे. हृदयाच्या स्नायुपेशी प्रौढपणी फारशा विभागत नाहीत. तेथेच उगम पावणारा कर्करोग अत्यंत दुर्मिळ. परंतु अन्य अवयवांतून येऊन तेथे रुजणारा कर्करोग त्याच्या किमान वीसपट आढळतो.

मग तो कळत का नाही? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली घट्ट नेसलेल्या धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. तो डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा रोग. हृदयातला बहुधा शवविच्छेदनातच भेटे. कर्करोगाने मृत्यू पावलेल्या सुमारे १० टक्के रुग्णांच्या हृदयात वा हृदयावरणात तो सापडतो. बहुतेकांना जिवंतपणी त्याची चाहूलही लागलेली नसते.

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. यकृतात २४१ वेळा रोग पसरलेला, प्लीहेत केवळ १७ वेळा! रक्त तर दोन्हीकडे जाते. पॅजेट यांनी बी आणि जमिनीची उपमा दिली. ती कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको : शिरोळच्या काळ्या रानातला ऊस शाहूवाडीच्या जांभ्या दगडावर तसा फोफावत नाही. हृदय ही अशीच नावडती जमीन. अखंड आकुंचन, वेगवान रक्तप्रवाह आणि हृदयाकडून बाहेर वाहणारी लसिका यांमुळे कर्कपेशींना तेथे ठाण मांडता येत नाही, असे मानतात. त्वचेच्या रंगपेशींचा मेलानोमा मात्र तेथेही रुजतो.

रोग मुका राहण्याचे एक कारण हृदयावरणात आहे. द्रव सावकाश साठला तर ते ताणत जाते, लिटरभरही सोसते. झटकन साठला तर २०० मिलिलिटरही घातक ठरतो.

हे जिवंतपणी पाहण्याची वाट जहाजबांधणीच्या कारखान्यातून निघाली. तेथे धातूतील दोष शोधणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर व भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी हृदयासाठी वापरले. (उद्यमनगरात ओतकामातली पोकळी याच तत्त्वाने शोधता येते. विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे.)

कर्करोगाच्या रुग्णाला नव्याने लागलेली धाप अशक्तपणाची समजून पुष्कळदा दिवस घालवले जातात. इकोत हृदयाभोवतीचा द्रव चटकन दिसतो. सुईने तो काढला की कोंडलेला श्वास काही मिनिटांत मोकळा होतो. मग तो द्रव सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि त्यात कर्कपेशींचा शोध सुरू होतो.