कुत्र्याच्या ताटलीत काय वाढू नये

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आता कुत्रा असतो आणि त्याला घरचेच जेवण देण्याची आपली पद्धत आहे. परंतु आपल्याला सहज पचणारे काही पदार्थ त्याला विषासारखे बाधतात. सभासद कुटुंबांच्या सोयीसाठी त्यांची माहिती येथे देत आहोत.

कांदा, लसूण : यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला किंवा पूड, सर्वच घातक. दहा किलोच्या कुत्र्याला सुमारे १५० ग्रॅम कांदाही बाधू शकतो. रोज थोडा थोडा दिला तरी अपाय होतो. म्हणून इंदुरी पोह्यांवरचा कांदा, लसणाची चटणी, रस्सा नकोच. थकवा, फिकट हिरड्या, गडद लघवी ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात.

द्राक्षे, बेदाणे, चिंच : मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अमुक इतके चालतील असे सांगता येत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बेदाणे घातलेला असेल, तर कुत्र्याला देऊ नये. चिंचेची आमटीही टाळावी.

चॉकलेट, चहा, कॉफी : हृदयाचे ठोके वाढतात, झटके येऊ शकतात. चॉकलेट जितके गडद, तितका धोका जास्त.

झायलिटॉल : शुगर-फ्री च्युइंगम व मिठायांतील हा गोडवा अर्ध्या तासातही रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरवतो. पाकिटावरील घटक वाचावेत.

जायफळ, मीठ : श्रीखंडातील चिमूटभर जायफळाने सहसा काही होत नाही, पण जास्त पोटात गेल्यास कुत्रा थरथरतो, बेचैन होतो. लोणचे, पापड, शेव यांतील मीठही त्याला जड जाते.

शिजवलेली हाडे : यांचे टोकदार तुकडे होऊन घसा वा आतडे फाटू शकते.

फोडणीआधी बाजूला काढलेला साधा भात, बिनमिठाची पोळी, उकडलेले गाजर, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन हे माफक प्रमाणात चालते.

चुकून काही खाल्ले गेले, तर कुत्रा ठीक दिसतो म्हणून वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. काय, किती आणि केव्हा खाल्ले हे लिहून, पाकीट असल्यास सोबत घेऊन, लगेच पशुवैद्यांना फोन करावा. कुत्र्याचे वजन व त्यांचा नंबर फ्रिजवर लावून ठेवावा. मुलांना आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही ही यादी अवश्य दाखवावी. ताटातला घास खाली टाकतात ते बहुधा तेच.