डोंगरवाटेवरून डांबरी रस्त्यावर : कॅडेल एव्हान्सची दहा वर्षे

#थ्रेड

२४ जुलै २०११ रोजी कॅडेल एव्हान्स पिवळी जर्सी घालून पॅरिसमध्ये पोहोचला. टूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन. वय ३४. त्याचे नाव मात्र प्रथम गाजले ते डोंगरात : १९९८ आणि १९९९ असा सलग दोनदा त्याने माउंटन बाइकचा विश्वचषक जिंकला होता. २००१ पासून तो पूर्णपणे रस्त्यावर उतरला. मधल्या दहा वर्षांत काय घडले?

आधी थोडे मागे जाऊ. माउंटन बाइक हे मुळात रस्त्यावरच्या शर्यतवीरांचेच अपत्य आहे. गॅरी फिशर, जो ब्रीझ हे कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीचे तरुण एरवी रस्त्यावर शर्यती करीत आणि गंमत म्हणून जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावर नेत. १९७६ साली तेथे ‘रिपॅक’ नावाची उतारशर्यत सुरू झाली. एका उतारात मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई, हब पुन्हा भरावा लागे. म्हणून हे नाव! पुढे वीस वर्षांत, १९९६ साली, हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. अटलांटातील त्या पहिल्या शर्यतीत १९ वर्षांचा एव्हान्स नववा आला.

डोंगरातली शर्यत तेव्हा साधारण दोन तासांची असे. आरंभापासून सर्व बळ लावायचे, दगड-मुळे चुकवायची आणि आपले ओझे आपणच वाहायचे. रस्त्यावर शंभराहून अधिक स्वार एकमेकांच्या आडोशाने धावतात. पुढचा वारा कापतो, मागच्याचे श्रम वाचतात. त्यामुळे येथे संघ आला, डावपेच आले, प्रतिस्पर्ध्याशी तात्पुरते सख्यही आले. शिवाय मोठ्या शर्यती तब्बल तीन आठवडे चालतात.

हा फरक त्याला २००२ च्या जिरो द’इटालियात फार महागात पडला. सोळाव्या टप्प्यानंतर गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आली. दुसऱ्याच दिवशी शेवटच्या चढावर त्याची शक्ती पार संपली. पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला आणि जर्सीही गेली.

मग २००७ च्या टूरमध्ये दुसरा, अवघ्या २३ सेकंदांनी. २००८ मध्ये पुन्हा दुसरा, ५८ सेकंदांनी. दुसऱ्याच्या चाकामागे बसून राहणारा, अशी त्याची अपकीर्तीही झाली. मला ही टीका अन्यायाची वाटते : जे शिकायला तो रस्त्यावर आला होता, तेच शिकल्याबद्दल त्याला नावे ठेवली गेली.

डोंगर मात्र अंगातून गेला नव्हता. २०१० च्या जिरोमध्ये मोंताल्चीनोचा टप्पा तोस्कानातल्या कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून होता. पावसाने त्यांचा चिखल झाला, स्वार ओळखू येईनासे झाले. तो टप्पा एव्हान्सने जिंकला. अंगावर जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी होती. पट्टे चिखलाखाली गेले होते.

आणि मग २०११. अठराव्या टप्प्यात अँडी श्लेकने अंतिम रेषेच्या सुमारे ६० किलोमीटर आधीच मुसंडी मारली. आघाडी चार मिनिटांवर गेली. गालिबिएच्या चढावर एव्हान्सच्या मागे बरेच प्रतिस्पर्धी होते, पण पुढे येऊन वारा कापायला जवळपास कुणीच तयार नव्हते. तेव्हा तो एकटाच ओढत राहिला. शिखरावर पिछाडी उरली २ मिनिटे १५ सेकंद. दोन दिवसांनी ग्रनोबलला ४२.५ किलोमीटरची वैयक्तिक वेळशर्यत होती. तिच्यात ना संघ, ना आडोसा. ५७ सेकंदांनी मागे असलेला एव्हान्स त्या संध्याकाळी १ मिनिट ३४ सेकंदांनी पुढे होता.

या वाटेने आणखीही काही जण आले. सर्वांत अलीकडचे उदाहरण पोलीन फेराँ-प्रेवोचे. २८ जुलै २०२४ रोजी तिने माउंटन बाइकचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, मग ती रस्त्यावर परतली आणि ३ ऑगस्ट २०२५ रोजी महिलांची टूर द फ्रान्स तिच्या नावावर झाली.