सुट्टीत मूल कुणाकडे?

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवणारे जॉन लॉकवुड किपलिंग १८७१ साली बायको-मुलांना घेऊन विलायतेला गेले. परतीच्या बोटीवर मात्र नवरा-बायको दोघेच चढले. सहा वर्षांचाही पुरता न झालेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स ही भावंडे साउथसी या बंदराजवळच्या गावात, कॅप्टन होलोवे यांच्या घरी मागे राहिली. आईबाप आपल्याला इथे ठेवून जाणार आहेत, हे मुलांना कुणी सांगितलेही नव्हते.

किपलिंग दांपत्य निर्दय नव्हते. हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या हजारो इंग्रज कुटुंबांची तीच रीत होती. इथल्या उन्हाळ्यात, कॉलरा आणि तापाच्या साथीत गोरी मुले दगावतात ही भीती खरी होती. प्रत्येक छावणीजवळच्या दफनभूमीत तिचे पुरावे होते. दुसरी भीती बोलून दाखवली जात नसे, पण ती तितकीच मोठी होती. आया आणि नोकरांच्या अंगाखांद्यावर वाढलेले मूल हिंदुस्थानीत विचार करू लागते. छोटा रुडयार्ड तसाच होता. दिवाणखान्यात आईबापांसमोर जाताना आता इंग्रजीत बोलायचे, याची आठवण नोकरांना त्याला करून द्यावी लागे. अशा मुलाच्या उच्चारांना पुढे साहेबी समाजात नाक मुरडले जाई आणि बढतीच्या नोकऱ्या हातून जात. म्हणून पाचसहा वर्षांचे झाले की मूल ‘होम’ला पाठवायचे.

पण ‘होम’ला कुणाकडे? इथेच खरी गोम होती. रुडयार्डच्या आईला विलायतेत सख्ख्या बहिणी होत्या. एक चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांची पत्नी, दुसरी पुढे पंतप्रधान झालेल्या स्टॅन्ली बाल्डविन यांची आई. तरीही मुले नातलगांकडे न ठेवता, वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून, पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या अनोळखी घरात ठेवली गेली. आधीच्या भेटीत लहानग्या रुडयार्डच्या हट्टीपणाने आजोळची माणसे जेरीस आली होती, असे चरित्रकार सांगतात. कॅप्टन होते तोवर थोडा आधार होता. १८७४ साली ते वारले. मग त्यांची विधवा आणि तिचा मुलगा यांनी रुडयार्डला मारझोड, धाकदपटशा आणि नरकाची भीती यांत ठेवले. वर्षातून एक महिना, डिसेंबरात, तो जॉर्जियाना बर्न-जोन्स या मावशीकडे जाई. त्या महिन्याला त्याने आयुष्यभर स्वर्ग मानले. मावशीलाही त्याने साउथसीतले हाल सांगितले नाहीत. वाट्याला आलेले असेच असते असे लहान मूल धरून चालते, आणि परत त्याच घरात जायचे असते तेव्हा तर ते अधिकच गप्प बसते. डोळे अधू झाल्यावर बातमी हिंदुस्थानच्या टपालात गेली आणि १८७७ साली आई आली.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यामुळे बोट महिन्याच्या आत पोचू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या बोटीला महिनोन्महिने लागत. कालव्यानंतरही पत्र जायला तीन-चार आठवडे, उत्तर यायला तितकेच. मुलाने आज लिहिलेल्या दुःखावर आईची फुंकर दोन महिन्यांनी यायची.

पुढची शाळा निवडताना मात्र किपलिंगांनी वेगळी दृष्टी ठेवली. डेव्हनच्या किनाऱ्यावर वेस्टवर्ड हो! येथे लष्करी अधिकाऱ्यांनी १८७४ साली, आपल्या मुलांना स्वस्तात शिकवण्यासाठी युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज काढले होते. जुन्या नामांकित शाळांपुढे ते काहीच नव्हते. पण मुख्याध्यापक कॉर्मेल प्राइस हे बर्न-जोन्स कुटुंबाचे जुने स्नेही होते. १८७८ साली रुडयार्ड तिथे दाखल झाला. सुरुवातीची दांडगाई त्याने सोसली, पण प्राइस यांनी त्याला आपले ग्रंथालय मोकळे केले आणि शाळेच्या मासिकाचे संपादन दिले. लाहोरच्या वर्तमानपत्रात नोकरी धरायला १८८२ साली तो परत आला, तेव्हा तो लेखक झालेला होता. दोन्ही वेळा निवडणारे आईबाप तेच. फरक इतकाच की दुसऱ्या खेपेस मूल ओळखीच्या माणसाच्या हाती दिले होते.

विलायतेचा खर्च सगळ्यांना झेपणारा नव्हता. रेल्वेतले, तारखात्यातले, कस्टममधले गोरे आणि अँग्लो-इंडियन कर्मचारी मुलांना बोटीवर चढवू शकत नव्हते. अशा मुलांना शिक्षणाविना सोडले तर राज्याची पत जाईल, असे गव्हर्नर-जनरल कॅनिंग यांनी १८६० साली लिहून ठेवले आणि थंड हवेच्या डोंगरांवर शाळा काढायला सरकारी पाठबळ मिळाले. सनावर, सिमला, मसुरी ही अशा शाळांची नावे मोठी झाली. मुंबई इलाख्यासाठी डोंगर कोणता?

महाबळेश्वर साहेबांचे लाडके, पण तिथे पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनपासून बंगले गवताने शाकारून सगळे खाली उतरत. बारमाही शाळा तिथे चालणार कशी? तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरची पाचगणी मात्र पर्जन्यछायेत येते. उंची सुमारे तेराशे मीटर, पाऊस बेताचा, हवा कोरडी. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या गावांमधल्या या पठारी जागेची वसाहत जॉन चेसन या इंग्रजाने १८६०च्या दशकात मांडली आणि नाना जातींची झाडे लावून पाहिली. दम्याचे, क्षयाचे रोगी हवापालटाला येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग शाळा आल्या. १८९०च्या दशकात गोऱ्या मुलामुलींसाठी किमिन्स, १८९५ साली सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट. पुढे किमिन्समधली मुलांची शाखा वेगळी होऊन युरोपियन बॉइज हायस्कूल झाले, आजचे सेंट पीटर्स. गोऱ्यांनी काढले ते आपणही काढू या जिद्दीने पारशांची बिलिमोरिया, मुसलमानांची अंजुमन, हिंदूंचे हिंदू हायस्कूल (आताचे संजीवन) उभे राहिले. १९४५ साली बहाई पंथीयांचे न्यू एरा आले. एका छोट्या गावात धर्मागणिक वसतिगृह, असे चित्र उभे राहिले.

याच काळात पुण्यात एका मुलीला निवासी शाळेत ठेवावे लागले, तेही आईवडील परदेशात गेले म्हणून नव्हे. जवाहरलाल नेहरू वारंवार तुरुंगात जात होते आणि कमला नेहरूंची प्रकृती ढासळत होती, म्हणून त्यांची मुलगी इंदिरा १९३१ साली वकील आडनावाच्या दांपत्याच्या प्युपिल्स ओन स्कूलमध्ये आली. मुलांना घरापासून दूर नेणाऱ्या कारणांत बोटीच्या तिकिटाइतकाच सरकारी वॉरंटचाही वाटा होता.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भीतीने विलायतेची वाट बंद झाली आणि डोंगरावरच्या शाळा भरून गेल्या. १९४७ नंतर गोरी कुटुंबे निघून गेली. मग पाचगणीच्या बाकांवर कोण बसणार? उत्तर समुद्रापलीकडूनच आले, पण उलट्या दिशेने. पूर्व आफ्रिकेत झांझिबार, मोंबासा, दार-ए-सलाम, कंपाला इथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले गुजराती, पारशी, खोजा, गोवेकर आपली मुले मायदेशी शिकायला धाडू लागले. कारणेही जुन्या साहेबांसारखीच: तिथे चांगली शाळा नाही, इथे आपली माणसे आहेत, आणि मुलाची बोली, रीतभात हातची जाऊ नये.

त्यांतलाच एक झांझिबारच्या बुलसारा कुटुंबाचा फारूख. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, हायकोर्टात रोखपाल. आठव्या वर्षी फारूखला पाचगणीच्या सेंट पीटर्सला पाठवले. कंपाला आणि करंजा या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबई-आफ्रिका फेऱ्या करत त्या काळातली ही गोष्ट. बंदरावर उतरायचे, आगगाडीने पुणे गाठायचे आणि मग वाईहून पसरणीचा घाट चढायचा. एवढ्या लांब आलेला मुलगा दर सुट्टीला घरी कसा जाणार? पण मुंबईत त्याची आजी आणि जवळचे नातलग होते. सुट्टीचा बराच काळ तो त्यांच्याकडे काढी. पियानोचे शिक्षण मिळाले, मुष्टियुद्ध आणि टेबल टेनिसमध्ये नाव झाले, १९५८ साली बाराव्या वर्षी त्याने शाळेतल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. १९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच जानेवारीत तिथे क्रांती झाली, कुटुंबाने इंग्लंड गाठले आणि जगाने त्याला गायक फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखले. त्याचे वसतिगृहातले सगळे दिवस सुखाचे होते असे कुणी म्हणणार नाही. आईबापांपासूनचा दुरावा त्यालाही सोसावा लागला. तरी साउथसीच्या घरात अडकलेल्या पोराची गत त्याची झाली नाही, आणि त्याचे श्रेय शाळेइतकेच मुंबईतल्या आजीकडे जाते.

१९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला आणि आफ्रिकेतून येणारा ओघ आटला. त्याची जागा आखाताने घेतली. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाहू लागला तसे कोकणातले, केरळातले कारागीर आणि कारकून तिकडे गेले. ठरावीक पगाराखाली बायको-मुलांना नेण्याची परवानगीच मिळत नसे. दुबईत १९६१ पासून, मस्कतमध्ये १९७५ पासून भारतीय शाळा होत्या, पण त्या नेऊ शकणाऱ्यांसाठी. न नेऊ शकणाऱ्यांची मुले आजी-आजोबांकडे राहिली किंवा वसतिगृहात.

म्हणूनच इतिहास चाळताना शाळांच्या नावांपेक्षा, इमारतींपेक्षा, निकालांपेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: बहुतेक हाल वर्गात नव्हे, तर शाळेबाहेर, ज्याच्या घरी मूल सोपवले तिथे झाले. सुट्टीत मूल ज्याच्याकडे राहील त्याच्यासाठी निवासी शाळांच्या प्रवेशअर्जात ‘स्थानिक पालक’ असा एक रकाना असतो. व्हिसाची तारीख जवळ आलेली असते, म्हणून पुष्कळदा तिथे ओळखीतले कुणाचेही नाव टाकले जाते. परदेशी निघणाऱ्या आईबापांनी शाळेची पुस्तिका उघडण्याआधी हा रकाना भरावा. ज्याचे नाव लिहायचे, त्याच्या घरी मुलाला दोन-चार दिवस राहू द्यावे. आणि परत आल्यावर, तिथे पुन्हा जाशील का, हे मुलालाच विचारावे.