वासाचं गणित

जपानमध्ये घरोघरी सिलिंडरचा गॅस आला आणि पाठोपाठ गळतीचे स्फोटही. त्यावर उपाय म्हणून नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला.

त्यामागचं रसायन सरळ आहे. तापवलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. वीज नीट वाहत नाही. ज्वलनशील वायू आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि विद्युतरोध घसरतो. खोट एवढीच, की गॅस गळला काय किंवा शेजारी कुणी स्पिरिटची बाटली उघडली काय, सेन्सरला दोन्ही सारखंच.

इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा पर्सॉद आणि जॉर्ज डॉड यांनी ही खोटच कामाला लावली. त्यांनी असे तीन वेगवेगळे सेन्सर शेजारीशेजारी मांडले. एकट्यादुकट्याला वास ओळखता येत नव्हता. पण तिघांपैकी कोण किती चाळवला, याचं प्रमाण काढलं की वास वेगळे पडत. १९८२ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. माणसाच्या नाकात वास टिपणारी सुमारे ४०० प्रकारची प्रथिनं असतात. अशा प्रथिनांच्या जनुकांचा छडा लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना लागला तो १९९१ मध्ये. त्याआधीच तिघांवर नाक उभं करायचं, हे धाडसच म्हणायचं!

पुढे सेन्सर वाढले, प्रमाणं डोळ्यांनी वाचणं अशक्य झालं आणि ओळखीच्या वासांचे नमुने दाखवून ते काम संगणकाला शिकवलं गेलं. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या कोलकाता केंद्राने याच पद्धतीने चहाची पानं आंबताना वास नेमका कधी भरात येतो, हे टिपणारं यंत्र तयार केलं.

पण सेन्सर म्हातारे होतात. आज शिकवलेला अमोनिया काही महिन्यांनी यंत्राला अनोळखी वाटू लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या अलेक्झांडर वर्गारा आणि सहकाऱ्यांनी याचाच पिच्छा पुरवला. १६ सेन्सर, सगळे तागुचींच्या फिगारो कंपनीचे; अमोनिया, ॲसिटोन, इथिलीन असे सहा वायू; ३६ महिने; १३,९१० मोजमापं. २०१२ मध्ये त्यांनी तोडगा मांडला: वेगवेगळ्या काळात शिकवलेली संगणकी प्रारूपं मोडीत न काढता सगळ्यांचा कौल घ्यायचा आणि ताज्या मोजमापांवर जे खरं उतरेल त्याच्या मताला जास्त वजन द्यायचं. ही सारी मोजमापं त्यांनी इतर संशोधकांसाठी खुलीही करून टाकली.