सार्वराष्ट्रीय मजूर-करार आणि करवीर संस्थान

१९१९ च्या व्हर्साय तहाच्या तेराव्या भागान्वयें आंतरराष्ट्रीय मजूर-संघटना जन्मास आली. तिच्या परिषदेंत प्रत्येक राष्ट्राचे चार प्रतिनिधि बसतात: दोन सरकारचे, एक मालकांचा व एक कामगारांचा. ऑक्टोबर १९१९ मध्यें वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या परिषदेस हिंदी कामगारांच्या वतीनें नारायण मल्हार जोशी गेले होते.

तेथें आठवड्यास ४८ तास कामाचा करार ठरला. आपल्याकडे मात्र दहाव्या कलमानें ६० तासांचें प्रमाण मान्य झालें. या कलमांतील शब्द बारकाईनें पाहण्यासारखे आहेत. संघटनेचा सभासद ‘हिंदुस्थान’. कलमांत नांव ‘ब्रिटिश हिंदुस्थाना’चें. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. १९२१ त हिंदुस्थान सरकारनें करार मंजूर केला. १९२२ त फॅक्टरी ॲक्ट दुरुस्त होऊन मुंबईच्या गिरणीकामगारास ६० तासांची मर्यादा लाभली. कोल्हापुरांत १९०६ सालीं स्थापन झालेल्या शाहू मिलच्या कामगारास ती या करारानें लाभली नाहीं. कारण ब्रिटिश मुलखांतील कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसे.

तात्पर्य, सार्वराष्ट्रीय ठरावाची धांव तो ज्या राज्याच्या कायद्यांत उतरेल तेथपर्यंतच. १ मार्च १९४९ रोजीं करवीर मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां ही वेस मोडली. संस्थानी अमदानींतील गिरण्या-कारखान्यांचीं हजेरीपत्रकें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. मजुराच्या श्रमाचा हिशेब त्यांतच आहे. वॉशिंग्टनच्या कागदांत तो सांपडणार नाहीं.